वजनदार कोयता, हलका विळा

लातूर-नांदेडकडे पावसाळा सरताना सोयाबीनची काढणी लागते आणि त्यामागोमाग ऊसतोड. पहिल्या कामाला हलका विळा लागतो, दुसऱ्याला वजनदार कोयता.

सोयाबीनचं झाड वाळून कडक झालेलं असतं, शेंगा जरा हिसका बसला तरी तडकतात. म्हणून डाव्या हातात बुडखा धरायचा आणि विळा अलगद स्वतःकडे ओढायचा. इथं वजन नको, धार हवी. दिवसभर वाकून काम करायचं तर जड विळ्यानं मनगट भरून येतं.

उसाचं उलट. साखर बुडख्याकडे जास्त, त्यामुळं तो जमिनीलगतच तुटला पाहिजे, आणि तोही एका घावात. कोयत्याचं वजन पात्याच्या पुढच्या अंगाला असलं की घाव आपल्या भारानं बसतो, हाताला जोर कमी लावावा लागतो. म्हणून बरेच लोहार ट्रकच्या जाड कमानपाट्यातून तो घडवतात. पण पाचट काढायला आणि वाढं छाटायला तोच कोयता जड वाटतो.

म्हणून घेताना नुसता उचलून पाहू नका; मूठ धरून चार-पाच वेळा हवेत फिरवा. आणि कोयता एकट्या पुरुषाचा नसतो; ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडप्यालाच ‘एक कोयता’ म्हणतात. बाईच्या हाताला साजेल असं हत्यार मात्र क्वचितच घडवलं जातं, याचं वाईट वाटतं.