डिस्कस माशाचा आहार आणि आपला आचार

तीन वर्षांपूर्वी धाकट्या नातवाने दहावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून डिस्कस मासे मागितले. मोबाईल नको, घड्याळ नको, मासे हवेत, या मागणीने घरात दोन तट पडले. जीव कोंडून ठेवणे सौ.ना मुळातच मान्य नव्हते. चिरंजीवांना दुकानातून सवड नव्हती. "आजोबा, तुम्ही लक्ष द्याल ना?" या प्रश्नाला मी होकार दिला आणि सहा पिले घरी आली. कागदपत्रे तपासल्याखेरीज कर्जावर सही करायची नाही, हा नियम ज्याने बँकेत आयुष्यभर पाळला, त्याने हे प्रकरण मात्र न तपासताच मंजूर केले. हे मासे खातात काय, एवढे साधे विचारायचेही मला सुचले नाही.

आपल्या समाजातील पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यात आणि पेढीवर गल्ल्याच्या शेजारी आता फिश टँक दिसतो. म्हणून जे प्रत्यक्ष भोगले ते सांगतो.

डिस्कस मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. अंग थाळीसारखे गोल आणि चपटे, चाल संथ, स्वभाव भित्रा. नीट सांभाळल्यास सहा-सात इंचांपर्यंत वाढतो आणि दहा वर्षेही जगतो. पिले अंड्यातून बाहेर पडून पोहू लागली की आई आणि बाप दोघांच्याही अंगावर एक पोषक स्राव येतो आणि तो टिपून ती वाढतात. नातवाने त्याची चित्रफीत आजीला दाखवली, तेव्हा सौ.चा विरोध निम्मा मावळला.

दुकानदाराने माशांसोबत गोठवलेल्या लालसर वड्यांचे एक पाकीट दिले होते. घरी येऊन चष्मा लावून त्यावरचा बारीक मजकूर वाचला आणि हात कापला. त्यात गुराच्या हृदयाचे मांस होते! डिस्कस लवकर मोठा व्हावा म्हणून व्यावसायिक मंडळी हे मिश्रण अनेक वर्षांपासून वापरत आली आहेत, हे मला नंतर समजले. पाकीट त्याच संध्याकाळी परत केले आणि घरी येऊन जाहीर केले, की आपल्या घरात राहणारे मासेही शाकाहारीच राहतील. उकडलेले मटार, वाफवलेला पालक आणि शेवाळापासून केलेल्या स्पिरुलिनाच्या गोळ्या, असा बेत ठरला. नातेवाईकांनी कौतुक केले. मलाही थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

दोन महिन्यांत दोन माशांचा रंग काळपट झाला. कपाळ खोल गेले, शरीर कागदासारखे पातळ झाले आणि त्या मानाने डोळे मोठे दिसू लागले. एक पिलू कोपऱ्यात तोंड लावून उभे राही. आठवड्याभरात ते गेले. माशांची जाण असलेल्या एका पशुवैद्यांना बोलावले. त्यांनी टँककडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काका, तुम्ही यांना शाकाहारी केले नाहीत, उपाशी ठेवलेत."

त्या रात्री झोप लागली नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला बंध आणि शेवटचा अन्नपाननिरोध, हे लहानपणापासून पाठशाळेत घोकलेले. प्राण्याला कोंडून ठेवणे हा एक दोष आणि त्याचे अन्नपाणी रोखणे हा दुसरा. दोन्ही माझ्या दिवाणखान्यात, माझ्याच हातून घडत होते, आणि वर मी त्याला धर्म म्हणत होतो.

मग जमेल तेवढे वाचन केले. विल्यम क्रॅम्प्टन या संशोधकाने निसर्गातील डिस्कसचा अभ्यास करून २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला आहे. त्यानुसार या माशाच्या आहारात शेवाळ, कुजका पाचोळा आणि वनस्पतींचे अंश यांचा वाटा मोठा असतो. पण त्याबरोबर पाण्यातले बारीक कीटक आणि इतर क्षुद्र जीवही तो खातो. म्हणजे गुराचे मांस त्याच्या नैसर्गिक आहारात नाहीच; परंतु निव्वळ पालक-मटारावर वाढणारा हा जीव नव्हे, आणि वाढत्या पिलांना तर प्रथिने भरपूर लागतात.

आता आमच्याकडे स्पिरुलिना असलेले कोरडे दाणेदार खाद्य दिले जाते. गटारीतल्या जिवंत अळ्या किंवा गोठवलेले किडे आम्ही आणत नाही. जिवंत अळ्यांबरोबर रोगही येतात, आणि दाण्यांची सवय लागलेल्या माशांचे त्यांच्यावाचून काही अडत नाही. मात्र वाचकांपासून लपवू नये अशी एक गोष्ट आहे. या दाण्यांच्या पाकिटावरील घटकांची यादी वाचली तर बहुधा सुरुवातीलाच माशांचे पीठ आढळते. आमच्या दाण्यांतही ते आहे. हे मला टोचते, आणि टोचतच राहावे असे वाटते. ज्यांना हे घरात आणणे मान्य नसेल, त्यांनी डिस्कस आणू नये. आणल्यावर त्याच्यावर आपले व्रत लादणे हा मार्ग नव्हे.

पिलांना दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे लागते. मोठ्या माशांना आम्ही दोनदा देतो, सकाळी आठला आणि सायंकाळी साडेपाचला. आमच्या चोविहाराबरोबर त्यांचेही आटोपते. यात सोयीपेक्षा अधिक काही आहे. उबदार पाण्यात उरलेले खाद्य रातोरात कुजते, म्हणून दिवे मालवण्यापूर्वी उरलेसुरले नळीने ओढून काढता आले पाहिजे. डिस्कस सावकाश खातो, घास थुंकतो, पुन्हा उचलतो. दाणे थोडा वेळ पाण्यात भिजवून टाकले तर त्याला सोपे जाते. मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस खाद्य दिले नाही तरी चालते. सौ.ना वाटे, तो दिवस चतुर्दशीचा धरावा. मी म्हटले, धरा. पण दुसऱ्याला घडवलेला उपवास आपल्या खात्यावर जमा होत नाही.

आहाराइतकेच महत्त्व पाण्याचे. सहा माशांना किमान २५० लिटरचा टँक हवा. त्यांना कळपाची सवय असते; एखाद-दुसरा आणला तर घाबरून खाणे सोडतो. पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस ठेवावे लागते, म्हणून आम्ही १५० वॅटचे दोन हीटर बसवले आहेत; एक बिघडला तरी दुसरा पाणी अगदीच थंड होऊ देत नाही. आमच्या इमारतीच्या बोअरचे पाणी इतके जड, की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. त्यात आरओचे पाणी मिसळतो. नगरपालिकेचे पाणी वापरायचे झाल्यास क्लोरिन निघून जाण्यासाठी ते २४ तास हवेच्या पंपावर उघडे ठेवतो. आठवड्यातून दोनदा टँकमधील तिसरा हिस्सा पाणी बदलतो. नवा फिल्टर लावून लगेच मासे सोडणे ही सर्वांत मोठी चूक. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियाची चाचणी घरी करता येते. ती शून्यच आली पाहिजे.

हा आकडा मी वहीत लिहून ठेवतो. गतवर्षी शिखरजीच्या यात्रेला गेलो, तेव्हा खाद्याचा डबा दुकानातल्या मुलाकडे सोपवला. बिचाऱ्याने मायेने तीन दिवसांचे खाद्य एका दिवसात घातले. परतलो तो पाणी ताकासारखे आणि आणखी एक मासा गेलेला. मुलाला काय बोलणार? पूर्वी काउंटरवर बसणाऱ्या नव्या कारकुनालाही मी रोकड मोजून देत असे. आता प्रवासाला निघताना तारीख घातलेल्या कागदी पुड्या बांधून ठेवतो आणि डबा कपाटात कुलपात असतो.

नातू शिक्षणासाठी पुण्याला गेला. सुट्टीत आला की आधी टँकपाशी जातो. चार मासे उरले आहेत. नवे आणायचे नाहीत, असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले आहे. या चौघांच्या खाण्यापिण्यात मात्र ते आहेत तोवर कसूर होणार नाही. सौ. आता सकाळचे खाद्य स्वतः घालतात, आणि मी नोंद करायला विसरलो तर वही पुढ्यात आणून ठेवतात.