बटाट्याचें स्पॅनिश ऑम्लेट

स्पेनमध्यें घरोघर होणारी ही ‘तोर्तिया’ गरिबीच्या चुलीवरची. गांवच्या बायका दोन-तीन अंड्यांत बटाटे व पावाचे तुकडे मिसळून पांच-सहा माणसांची सोय करतात, असें नावार्राच्या प्रतिनिधिसभेस १८१७ सालीं केलेल्या एका निनावी अर्जांत नमूद आहे.

कृति सोपी, धीर मात्र हवा. अर्धा किलो बटाट्यांच्या पातळ चकत्या मीठ लावून ऑलिव्हच्या भरपूर तेलांत मंद आंचेवर मऊ शिजवाव्या. तांबूस होऊं देऊं नयेत. तेल निथळून त्या सहा फेटलेल्या अंड्यांत दहा मिनिटें मुरवाव्या. मग खोलगट तव्यांत थोड्या तेलावर सर्व ओतावें. कडा सुटतांच तोर्तिया ताटांत उलटवून पुन्हा तव्यांत सरकवावी व दुसरी बाजू भाजावी.

कांदा घालावा कीं नाहीं, हा वाद तेथें अद्याप मिटलेला नाहीं. थोडक्या अंड्यांत घर जेवूं घालण्याची युक्ति मात्र दोन्ही पक्षांची एकच.