वरि, पट्टी आणि उरिमै : चेन्नईतील कर, लाभ व महागाई यांची परिभाषा

कर आणि महागाई हे विषय सामान्यतः अर्थशास्त्राच्या कक्षेत मानले जातात. परंतु राज्यसंस्था कोणत्या नावाने कर घेते, कोणत्या नावाने लाभ देते आणि नागरिक आपली तक्रार कोणत्या शब्दांत मांडतो, हा भाषेच्या अभ्यासाचाही विषय आहे. शब्द केवळ व्यवहाराचे वर्णन करीत नाहीत; त्या व्यवहारातील देणारा कोण आणि घेणारा कोण, हेही ते ठरवीत असतात. या दृष्टीने चेन्नई शहराचा इतिहास विशेष बोलका आहे. भारतातील पहिली नगरपालिका याच शहरात स्थापन झाली, सर्वसाधारण विक्रीकराचा देशातील पहिला कायदा येथेच संमत झाला आणि स्वस्त धान्य व मोफत वस्तू यांविषयीचा वाद येथूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. मराठी वाचकाला महाराष्ट्रातील समांतर योजना परिचित असल्याने ही तुलना त्याला उद्बोधक वाटावी.

रेघ आणि पट्टी

तमिळमध्ये कराला ‘वरि’ म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ ओळ अथवा रेघ असा आहे. मराठीतील ‘पट्टी’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. कापडाची अरुंद चिंधी ती पट्टी आणि घरपट्टी, पाणीपट्टी यांतील आकारणी तीही पट्टीच. दोन्ही भाषांत कराच्या शब्दाला आखणीचा, मोजमापाचा वास आहे. या शब्दांत सक्ती आहे, पण ती मोजता येणारी सक्ती आहे.

दोन्ही प्रदेशांना जोडणारा आणखी एक शब्द म्हणजे ‘जमाबंदी’. फारसीतून आलेला हा शब्द मराठी महसुली दफ्तरात रुळला, तसाच तमिळ प्रदेशातही. तमिळनाडूत फसली वर्षाच्या अखेरीस तालुक्याच्या पातळीवर होणाऱ्या महसुली हिशेबतपासणीला आजही जमाबंदी असेच म्हणतात. मात्र या प्रसंगाचे स्वरूप पालटले आहे. चेन्नईलगतच्या तिरुवळ्ळूर किंवा चेंगलपट्टू जिल्ह्यांत जमाबंदीच्या दिवशी लोक येतात ते मुख्यतः अर्ज घेऊन. कोणाला जमिनीचा पट्टा हवा असतो, कोणाला वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन, कोणाला शिधापत्रिका. एकेकाळी राज्याचे येणे ठरविणारा प्रसंग आता प्रजेचे मागणे ऐकण्याचा प्रसंग झाला आहे. प्रस्तुत विषयाचे बीज या अर्थांतरात आहे. एकाच मेजावर कर आणि लाभ एकत्र येतात, आणि तरीही त्या दोहोंचा परस्परसंबंध सहसा उच्चारला जात नाही.

दिसणारा कर

मद्रास शहरातील कराचा वाद शहराइतकाच जुना आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीने तटबंदीच्या व बंदोबस्ताच्या खर्चासाठी घरांवर कर बसविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा रहिवाशांनी त्यास विरोध केला. पुढे ३० डिसेंबर १६८७ च्या सनदेने नगरपालिका निर्माण झाली आणि २९ सप्टेंबर १६८८ रोजी तिचे कामकाज सुरू झाले. आपल्यातल्याच माणसांनी बसविलेला कर लोक अधिक खुशीने देतील, ही कंपनीच्या संचालकांची त्यामागील अटकळ होती. म्हणजे या देशातील पहिली आधुनिक नागरी संस्था जन्मली तीच कराला लोकांची संमती मिळविण्याच्या गरजेतून.

घरावरील कर डोळ्यांना दिसतो. त्याचे बिल घरी येते. त्यामुळे त्याविषयीचा असंतोषही थेट असतो. एप्रिल २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने मालमत्ता कराची फेरआकारणी जाहीर केली. चेन्नईच्या जुन्या हद्दीत सहाशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी ५० टक्के, तर अठराशे चौरस फुटांहून मोठ्या घरांसाठी १५० टक्के वाढ ठरली, आणि शहरभर त्यावर तीव्र चर्चा झाली. दिसणाऱ्या कराचे हे वैशिष्ट्य आहे. तो अप्रिय असतो, परंतु त्याचा जाब विचारता येतो.

किमतीत विरघळलेला कर

याउलट वाट १९३९ मध्ये निघाली. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर १९३७ पासून सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू केली होती. तिच्या विस्ताराबरोबर अबकारी उत्पन्नात पडणारी तूट भरून काढण्यासाठी मद्रास सर्वसाधारण विक्रीकर कायदा करण्यात आला. सर्वसामान्य मालाच्या विक्रीवर अल्प दराने आकारला जाणारा हा कर भारतातील आपल्या प्रकारचा पहिला होय. याच वर्षी मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळापुढेही दारूबंदीमुळे हाच प्रश्न उभा होता. तेथे नागरी स्थावर मालमत्तेवर कर बसविण्याचा मार्ग पत्करण्यात आला. एकच तूट दोन प्रांतांनी दोन रीतींनी भरली. मुंबईने घरमालकाकडे मागितले, मद्रासने ग्राहकाकडे. पुढे १९४६ मध्ये मुंबई प्रांतानेही विक्रीकर स्वीकारला, कारण या कराची सोय कोणत्याही सरकारला मोहविणारी होती. तो व्यापारी भरतो आणि ग्राहक सोसतो. ग्राहकाला मात्र त्याचे बिल येत नाही.

भाषेच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले. कर किमतीत विरघळला की त्याविषयीची तक्रार कराची राहत नाही. ती महागाईची होते. तमिळमध्ये बाजारभावाला ‘विलैवासि’ म्हणतात आणि त्याच्या वाढीविषयीचा आक्रोश हा तेथील राजकारणाचा स्थायी विषय आहे. त्या आक्रोशात कराचा वाटा किती, हे ग्राहकाला कळत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा वाटा बिलावर छापला जाऊ लागला आणि त्याबरोबर नवे प्रश्नही आले. सप्टेंबर २०२४ मध्ये कोइमतूर येथील एका सभेत एका उपाहारगृहाच्या चालकाने केंद्रीय अर्थमंत्र्यांसमोर सांगितले की बनपावावर कर नाही, पण त्यात भरलेल्या मलईवर आहे, म्हणून गिऱ्हाईक दोन्ही वेगवेगळे मागते. सभेत हशा पिकला, आणि ते बोलणे राज्यभर पसरले. लपलेला कर क्षणभर उघडा पडला, हे त्यामागील कारण होते.

पडि, इडली आणि तांदूळ

किमतीतून घेतलेले ताटातून परत देण्याची मद्रासची परंपराही तितकीच दीर्घ आहे. १९२० मध्ये पी. त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना मद्रास नगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांना दुपारचे जेवण देण्यास आरंभ केला. पुढे कामराज यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना राज्यभर नेली आणि १ जुलै १९८२ पासून एम. जी. रामचंद्रन यांनी तिला व्यापक योजनेचे रूप दिले. १९६७ च्या निवडणुकीत सी. एन. अण्णादुरै यांनी एका रुपयात तीन पडि तांदळाचे उद्दिष्ट घोषित केले. पडि हे धान्य मोजण्याचे माप होय, मराठीतील पायलीसारखे. प्रत्यक्षात रुपयाला एक पडि तांदूळ मद्रास व कोइमतूर या शहरांत देण्यास प्रारंभ झाला. परंतु तिजोरीचा ताण पाहता योजना फार काळ टिकली नाही. सप्टेंबर २००८ मध्ये एक रुपया किलोने आणि १ जून २०११ पासून विनामूल्य तांदूळ शिधावाटप दुकानांतून मिळू लागला. देशभर १९९७ मध्ये लक्ष्यित वितरणपद्धती आली, तरी तमिळनाडूने शिधावाटपाचे दार दारिद्र्यरेषेच्या आधारे बंद केले नाही.

१९ फेब्रुवारी २०१३ रोजी चेन्नई महानगरपालिकेने ‘अम्मा उणवगम्’ ही उपाहारगृहे सुरू केली. एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात, तीन रुपयांना दहीभात. कराला संमती मिळविण्यासाठी जन्मलेली संस्था सव्वातीनशे वर्षांनी इडल्या वाफवू लागली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. महाराष्ट्रात १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी, हे याच जातीचे प्रयत्न होत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वीस किलो तांदूळ हा महागाईतही वीस किलोच राहतो. रोख रकमेचे तसे नाही. भाव वाढतात आणि रक्कम तीच राहिली तर लाभ दरवर्षी आपोआप आक्रसतो. पडिचे माप आणि रुपयाचे माप यांतील हा भेद घर चालविणाऱ्या स्त्रीला अर्थशास्त्र न शिकताही कळतो.

मोफत, विनामूल्य की हक्क

या लाभांना काय म्हणावे, हा प्रश्न गौण नाही. तमिळमधील रूढ शब्द ‘इलवसम्’, म्हणजे मोफत. त्यात उपकाराची छटा आहे. २०११ नंतर जयललिता यांच्या सरकारने तो टाळून ‘विलैयिल्ला’, म्हणजे किंमत नसलेले, हे विशेषण तांदूळ, मिक्सर, लॅपटॉप अशा वस्तूंना लावले. वस्तू तीच, परंतु तिला फुकटाची म्हणण्याचा संकोच शब्दात उमटला. ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जाहीरनाम्यातील अशी आश्वासने कायद्याने भ्रष्ट आचार ठरत नाहीत. मात्र निवडणूक आयोगाने त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार करावीत. या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी आणखी एक शब्द आला. कुटुंबप्रमुख स्त्रियांना दरमहा हजार रुपये देणाऱ्या योजनेला ‘कलैञर मगळिर उरिमैत् तोगै’ असे नाव देण्यात आले. उरिमै म्हणजे हक्क, तोगै म्हणजे रक्कम. स्त्रीच्या घरातील विनावेतन श्रमाची ही दखल आहे, असे सरकारचे प्रतिपादन होते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये आलेल्या, दरमहा पंधराशे रुपयांच्या योजनेचे नाव मात्र ‘लाडकी बहीण’. एका नावात हक्काची भाषा आहे, दुसऱ्यात नात्याची. बहिणीला भाऊबीज मिळते. ती ओवाळणी किती असावी हे भाऊ ठरवितो आणि तिचा हिशेब मागणे रीतीला धरून नसते.

तथापि, हक्क हे नाव दिल्याने हक्क सिद्ध होत नाही. चेन्नईच्या योजनेसाठी सुमारे १ कोटी ६३ लाख अर्ज आले आणि प्रारंभी १ कोटी ६ लाखांच्या आसपास मंजूर झाले. उत्पन्न, जमीन, वर्षाकाठी ३,६०० युनिटांहून अधिक वीजवापर अशा निकषांवर अन्य स्त्रिया वगळल्या गेल्या. पुढे अपिले झाली, संख्या वाढली. जुन्या मराठी वतनपत्रांत ‘हक्क’ म्हणजे पाटील-कुळकर्ण्यांसारख्या वतनदारांना गावाच्या उत्पन्नातून मिळणारा ठरीव वाटा असे. तो हक्क मोजक्यांचा होता, पण त्याचा कागद होता. आजचा हक्क बहुसंख्यांचा आहे. मात्र तो शासननिर्णयावर उभा आहे, कायद्यावर नाही.

याबाबत महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा दाखला महत्त्वाचा ठरतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विस्तारलेल्या या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या पगारपत्रकावर तो कर दिसत असे आणि खेड्यातील मजुराच्या हातात काम दिसत असे. १९७७ च्या कायद्याने, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, काम न मिळाल्यास बेकारभत्ता मागण्याचा अधिकार दिला. ‘हमी’ या शब्दामागे कर होता, कायदा होता आणि दाद मागण्याची सोय होती. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, परंतु शब्द आणि व्यवहार यांची सांगड येथे अधिक घट्ट होती.

एका घराचा हिशेब

लाभांवर टीका करणारे तिजोरीकडे बोट दाखवितात, आणि ती टीका निराधार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तमिळनाडूच्या अर्थमंत्र्यांनी श्वेतपत्रिका मांडून प्रत्येक कुटुंबामागे सुमारे २ लाख ६३ हजार रुपयांचे सार्वजनिक कर्ज असल्याचे दाखविले. परंतु हिशेब पूर्ण मांडायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दारूबंदीची तूट भरण्यासाठी विक्रीकर आणणाऱ्या या राज्यात १९८३ मध्ये मद्यविक्रीसाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याकडे आली. २०२३-२४ मध्ये मद्यापासून राज्याला पंचेचाळीस हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळाले. त्या तुलनेत १ कोटी ६ लाख स्त्रियांना वर्षभर दरमहा हजार रुपये देण्याचा खर्च सुमारे १२,७०० कोटी होतो. ज्या घरातील पुरुष त्या दुकानावर पैसे मोजतो आणि स्त्री खात्यात हजार रुपयांची वाट पाहते, त्या घरात राज्य एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने किती घेते, हे त्या घरालाच कोणी सांगितलेले नसते.

सारांश, चेन्नईच्या उदाहरणावरून असे म्हणता येईल की कर जितका अदृश्य होत गेला, तितका लाभ अधिक दृश्य होत गेला. कर देणारा म्हणून ओळखला जातो तो उत्पन्नकर भरणारा. आणि शिधावाटप दुकानाच्या रांगेतील स्त्री ओळखली जाते ती केवळ लाभार्थी म्हणून. साबण, औषध, बसचा सुटा भाग, मोबाइलचे रिचार्ज यांच्या किमतीतून ती आयुष्यभर कर देत असते, ही गोष्ट ‘मोफत’ या एका शब्दाने पुसली जाते. ‘विलैयिल्ला’ म्हटल्याने ती पुरती परत येत नाही आणि ‘लाडकी’ म्हटल्यानेही नाही. ‘उरिमै’ या शब्दात ती परत येण्याची शक्यता आहे, पण त्यासाठी त्या शब्दामागे हमीसारखा कायदा, महागाईबरोबर वाढणारे माप आणि नकार मिळाल्यास दाद मागण्याचे ठिकाण असावे लागेल. तोवर जमाबंदीच्या मेजासमोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला याचक समजले जाईल. वस्तुतः त्या मेजावरील जमेच्या बाजूस त्याचेही नाव आहे.