खून कोणी केला, हे गावाला माहीत असतं

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर तालुक्यातल्या या गावी ठिकठिकाणची गावकरी मंडळी येतात, फडमालकांशी बिदागीची घासाघीस करतात आणि आपल्या यात्रेची सुपारी देऊन जातात. भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड आणि पुढे भाऊंची लेक विठाबाई यांनी या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं. राज्य शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार आज विठाबाईंच्याच नावाने दिला जातो. तमाशाची रात्र गणाने सुरू होते, गवळण होते, बतावणी होते, लावण्या होतात. पण जुना जाणता प्रेक्षक जागा राहतो तो वगासाठी. वगात राजा असेल नाहीतर पाटील असेल, पण बहुतेकदा कुठेतरी अन्याय झालेला असतो, रक्त सांडलेलं असतं आणि ते दडवलेलं असतं.

१९४०च्या दशकातल्या अमेरिकी खूनपटांची ओढ जगभरच्या प्रेक्षकांना का लागली, हे समजून घ्यायला जुन्नर-आंबेगावचा हा मुलूख फार उपयोगी पडतो. इथल्या प्रेक्षकाला गुन्ह्याची गोष्ट सिनेमाने शिकवलेली नाही. ती त्याने आधी कनातीत बसून, ढोलकीच्या तालावर ऐकलेली आहे.

काळ्या चित्रपटांचं बारसं

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ते पॅरिसमध्ये एकदम येऊन थडकले. ‘द माल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘डबल इन्डेम्निटी’ असे चित्रपट एकापाठोपाठ पाहिल्यावर समीक्षक नीनो फ्रँक यांनी त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळे चित्रपट म्हटलं. ज्यांनी ते बनवले होते त्यांना आपण नवा प्रकार घडवतोय याची कल्पनाही नव्हती. त्यांच्या लेखी ते खुनाचे, फसवणुकीचे, बऱ्याचदा कमी खर्चातले चित्रपट होते.

त्यातला अंधार मात्र जर्मनीतून आला होता. बिली वाइल्डर, फ्रिट्झ लँग, रॉबर्ट सिओडमाक हे दिग्दर्शक हिटलरच्या राजवटीपासून पळून अमेरिकेत गेलेले. एका बाजूने पडणारा प्रखर प्रकाश, चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात, भिंतीवर माणसापेक्षा मोठी सावली, ही बर्लिनच्या स्टुडिओंमधली रीत त्यांनी सोबत नेली.

हीच रीत साधारण त्याच सुमारास पुण्यातही पोचली होती, ही गोष्ट आपण विसरतो. व्ही. शांताराम १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला गेले होते. परत आल्यावर प्रभातच्या पुण्यातल्या नव्या स्टुडिओत त्यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४) केला. त्यात राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा नुसता एक डोळा पडदाभर दिसतो आणि अंगावर येतो. मशालींचा उजेड, खांबांच्या लांब सावल्या, त्यांतून फिरणारं कारस्थान हे सगळं त्या चित्रपटात आहे. हॉलिवूडमध्ये न्वार जन्मायच्या आधी मराठी तंत्रज्ञांनी त्या अंधाराशी हात मिळवला होता.

उत्तर आधीच ठाऊक असतं

रहस्यपट म्हणजे ‘खुनी कोण’ याचं कोडं, अशी आपली समजूत असते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या कथांवर वाढलेल्या पिढीला ते कोडं प्रिय होतंच. पण अव्वल न्वार चित्रपट बऱ्याचदा हे कोडं सुरुवातीलाच सोडवून टाकतात. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) बघा. विम्याचा एजंट वॉल्टर नेफ रात्री आपल्या रिकाम्या ऑफिसात येतो. खांद्यात गोळी लागलेली आहे, कपाळावर घाम आहे. तो डिक्टाफोनचं यंत्र पुढे ओढतो आणि सांगून टाकतो की खून मीच केला, पैशासाठी केला, एका बाईसाठी केला. आणि दोन्ही हाती लागलं नाही. चित्रपट सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात. खुनी कळला, हेतू कळला, शेवटही जवळपास कळला. तरी प्रेक्षक जागचा हलत नाही.

का हलत नाही? कारण आता त्याला कबुली ऐकायची असते. माणूस कुठल्या पायरीवर घसरला, कधी मागे फिरता आलं असतं आणि का फिरला नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकण्याची भूक कोड्याच्या भुकेपेक्षा जुनी आहे. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) मध्ये तर आपल्या खुनाची हकीकत खुद्द मेलेला माणूस सांगतो.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गावात वाईट घडलं की ते कोणी केलं, हे सहसा गावाला ठाऊक असतं. पारावर त्याची कुजबुज चालते. पण चावडीवर उभं राहून नाव घ्यायला कोणी पुढे येत नाही. कारण ज्याचं नाव घ्यायचं त्याच्याकडे जमीन असते, माणसं असतात, वजन असतं. म्हणून गावातलं खरं रहस्य ‘कोणी केलं’ हे नसतं. ते ‘कोण सांगणार, आणि कुणासमोर’ हे असतं.

फडात उघडा पडलेला पाटील

हे रहस्य मराठी सिनेमाने सर्वांत ताकदीने मांडलं ते अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मध्ये. त्याला कोणी न्वार म्हणत नाही; तमाशापट म्हणून तो ओळखला जातो. पण त्याचा गाभा गुन्ह्याचा आहे. बैलगाड्यांच्या शर्यतीत गावच्या पाटलाचा पराभव होतो आणि त्या अपमानातून सूड सुरू होतो. साध्या शेतकऱ्याचं घर उद्ध्वस्त होतं, खून पडतो, बाईची अब्रू जाते. मागे राहिलेली पोर तमासगिरीण चिमा वाढवते. आणि गावाने गिळून टाकलेलं सत्य शेवटी बाहेर येतं ते तमाशाच्या बोर्डावरून.

शर्यतीवरून सूड पेटणं बाहेरच्याला अतिशयोक्त वाटेल. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या माणसाला वाटणार नाही. इथे बैलगाडा ज्या धावपट्टीवर पळतो तिला घाट म्हणतात आणि प्रत्येक धावेला बारी. घाटाच्या दोन्ही अंगांना सारी पंचक्रोशी उभी असते. बारी काही सेकंदांत संपते, पण तिचा मान वर्षभर पुरतो, आणि हारही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, तेव्हा या तालुक्यांनी वर्षानुवर्षं त्यांसाठी आंदोलनं केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. भर घाटात खाली गेलेली मान माणसाला कुठवर नेऊ शकते, हे या भागात वेगळं समजावावं लागत नाही. न्वार चित्रपटातला गुन्हेगारही बहुतेकदा असाच असतो. जन्मजात राक्षस नसतो. एका दुखावलेल्या जागेपासून चालायला लागलेला माणूस असतो.

चिमाची भूमिका हंसा वाडकरांनी केली. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. लोक लावण्यांसाठी आले, हे खरं. पण लावण्यांसाठी आलेला प्रेक्षक शेवटापर्यंत खिळून राहिला तो चिमा काय सांगते हे ऐकायला. समाजाने जिला खालच्या पायरीवर बसवलं ती बाई गावच्या सर्वांत बड्या माणसाचं पाप सगळ्यांदेखत बोलते. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ नावाने ज्या ‘हॅम्लेट’चं भाषांतर केलं, त्यात राजपुत्र नटांकरवी खून राजासमोर उभा करतो. चिमा तेच करते, पण तिच्यामागे राजघराणं नाही. हंसाबाईंनी पुढे आत्मचरित्रालाही ‘सांगत्ये ऐका’ हेच नाव दिलं.

मेलेली बाई परत येते

दुसरा चित्रपट राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘जगाच्या पाठीवर’ करणाऱ्या या दिग्दर्शकाने जयंत देवकर यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून तो केला. काशीनाथ घाणेकर आणि भावना हे त्यातले प्रमुख कलाकार. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या, कायद्याच्या पेशातल्या माणसासमोर एक बाई उभी केली जाते. ती गुन्ह्याच्या आरोपाखाली पोलिसांच्या ताब्यात आहे, चेहरा हुबेहूब पत्नीचा आहे आणि ती म्हणते, मी तुमचीच बायको.

वाइल्डरसारखेच युरोपातून आलेले ऑटो प्रेमिंगर यांच्या ‘लॉरा’मध्येही (१९४४) मेलेली बाई परत येते. तिथे खुनाचा तपास करणारा पोलिस रात्री तिच्याच घरात, तिच्या तैलचित्राखाली खुर्चीत झोपी जातो. दार उघडतं आणि जिचा खून झाला म्हणून तपास चाललाय तीच समोर उभी राहते. खोलीत दोघंच आहेत. ती खरी की स्वप्नातली, हा प्रश्न त्या एकट्या पुरुषाच्या मनातला आहे.

‘पाठलाग’मध्ये हाच प्रश्न भरल्या कोर्टात जातो. नवरा-बायकोतच राहाव्यात अशा गोष्टी ती बाई सर्वांदेखत सांगू लागते. प्रत्येक खुणेसरशी नवऱ्याचा विश्वास डळमळतो आणि आपलाही. ती खोटी असेल तर तिला हे कळलं कसं, आणि खरी असेल तर चितेवर जळालं कोण? उत्तर इथे सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा हक्क हिरावणं बरं नाही. राज खोसला यांनी याच गोष्टीवर ‘मेरा साया’ (१९६६) केला आणि साधनाच्या भूमिकेमुळे ती देशभर पोचली. गुरुदत्त यांच्या तालमीत तयार होऊन ‘सी.आय.डी.’ (१९५६) करणाऱ्या या दिग्दर्शकाला अंधाराची जाण होतीच. त्याने निवडलेली गोष्ट मात्र मराठी होती.

आता फरक नीट पाहा. अमेरिकी न्वारचा नायक एकटा आहे. तो कबुली देतो ती यंत्रासमोर, रात्री, रिकाम्या इमारतीत. महानगरात त्याचं ऐकून घ्यायला दुसरं कोणी नाही, हीच त्याची शोकांतिका. मराठी खूनपटाला मात्र सभा लागते. ‘सांगत्ये ऐका’मध्ये ती फडाची आहे, ‘पाठलाग’मध्ये कोर्टाची. चारचौघांत बोललं गेलं तरच आपल्याकडे सत्य सत्य ठरतं. हा फरक वगाने घडवलेला आहे, असं माझं ठाम मत आहे.

चित्रपट पाहायची रीतही तशीच होती. महाराष्ट्रातल्या यात्रांमध्ये तंबूतला सिनेमा यायचा, ट्रकवर बसवलेल्या प्रोजेक्टरमधून. त्या फिरत्या टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला. एका कनातीत वग आणि शेजारच्या तंबूत चित्रपट असेल, तर प्रेक्षक दोन्हीकडे एकाच मनाने बसणार. बाहेर उसाला रात्रीचं पाणी धरताना त्याला बिबट्याची भीती असते. आत बसल्यावर कळतं की माणसाच्या मनातला अंधार त्याहून दाट आहे आणि तो उजेडात आणता येतो.

म्हणून माझा निवाडा असा, की अभिजात खूनपटाचं आकर्षण कोड्यात नाही, साक्षीत आहे. कोडं एकदा सुटलं की संपतं; साक्ष पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते. साठ वर्षांनी ‘पाठलाग’ शेवट ठाऊक असूनही पाहवतो, तो याच कारणाने.

या परिसरातल्या वाचकांना एक विनंती. चित्रपट जपायला पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. वगांचं तसं नाही. अनेक वग वह्यांमध्ये आणि म्हाताऱ्या कलावंतांच्या तोंडी आहेत. तुमच्या गावच्या यात्रेत एखादा जुना वग लागला, तर तो पहाटेपर्यंत बसून ऐका, फडाची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करा, आणि वही सापडली तर तिची प्रत जवळच्या ग्रंथालयात ठेवा.