शनिवारवाड्याचे जोते

वाडा म्हटला की आमच्या पाठ्यपुस्तकांना नक्षीचे खांब, कारंजी आणि तख्तपोशी आठवते. पेठ वडगावच्या वर्गात शनिवारवाडा शिकवताना मी सुरुवात पायापासून करतो. ही पद्धत गवंड्याची आहे, इतिहासकाराची नव्हे.

पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या रानातले, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा, एवढे पुस्तके सांगतात. दगड फोडणारे, चुना मळणारे, ओझी वाहणारे हात मात्र त्या १६,११० च्या बेरजेत विरघळून जातात.

वाड्याची रचना म्हणजे चौकांची साखळी. दर्शनी भागात सदर आणि कारभार. आत जावे तसतसा माणूस गाळला जातो, शेवटी उरतात देवघर आणि मुदपाकखाना. शनिवारवाड्याला पाच दरवाजे आणि नऊ बुरूज. उत्तरेचा दिल्ली दरवाजा हत्तीची धडक अडवण्यासाठी अणकुचीदार खिळ्यांनी मढवलेला. त्यातच माणसापुरती दिंडी. वर्णव्यवस्थेचा असा दगडविटांतला नकाशा विद्यार्थ्यांना दुसरा कुठला दाखवावा?

पण चाळण तटाशी सुरू होत नव्हती. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त नोंदवले. म्हणजे वाड्याची पहिली भिंत रस्त्यावरच होती.

आणि पाया? फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त लिहिले की, मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायांत पुरले जाई. तिने कुठल्या एका वाड्याचे नाव घेतलेले नाही. आपणही ते तिच्या तोंडी घालू नये. परंतु मराठी वास्तुकलेवर लिहिणाऱ्यांनी हा निबंध वाचलाच नसल्यासारखे वागावे, हे मला विद्वत्तेचे लक्षण वाटत नाही.

वाडा पुण्याचाच असावा लागतो असेही नाही. वेठीची लाकडे फोडून गावोगावचे वाडे उबदार राहिले. आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द केली, तेव्हा त्या वेठीच्या मुळावर घाव बसला.

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. लाकडी मजले जळाले. तट, दरवाजे आणि दगडी जोती राहिली. पुण्याला गेलात तर आधी ती जोती पाहा. महालांविषयी पुस्तकांत भरपूर आहे.