सोळाशे किती?

लातूरच्या कुठल्याही भरती अकॅडमीतल्या पोराला थांबवा आणि एवढंच विचारा, ‘सोळाशे किती?’ काय सोळाशे, कसलं सोळाशे, असं तो विचारणार नाही. ‘पाच-बावीस’ म्हणेल, किंवा मान खाली घालून ‘सर, सध्या पाच-चाळीसला जायलंय’ असं सांगेल. आपली उंची, छाती आणि सोळाशेचं टायमिंग हे तीन आकडे या पोरांना झोपेतही पाठ असतात.

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याच्या आत अंतर संपवलं की २० पैकी २० गुण. ५:३० पर्यंत १८, ५:५० पर्यंत १६. वेळ वाढेल तसे गुण उतरत जातात. १०० मीटर आणि गोळाफेक यांचे पंधरा-पंधरा मिळून मैदान ५० गुणांचं. एका पदामागे दहा जण लेखीला बोलावले जातात आणि ते मैदानाच्या गुणांवर. २०२४ च्या भरतीत साधारण साडेसतरा हजार पदांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत दोन गुण म्हणजे किती माणसं मागे पडतात याचा हिशोब पोरं करतात. दोन गुण म्हणजे वीस सेकंद, हेही त्यांना कळलेलं असतं.

इंग्रजी मैल १६०९ मीटरचा. आपलं सोळाशे त्याहून नऊ मीटरनी आखूड, म्हणजे या वेगाला जेमतेम दोन सेकंदांचा फरक. त्यामुळे अमेरिकेत शाळकरी धावपटूंबद्दल जो प्रश्न आवडीने चघळला जातो, की मैल झपाट्याने धावणारी पोरं नेमकी किती असतात, तो लातूरला येऊनही विचारता येतो. त्याचं उत्तर शोधायला मी पहाटेच्या सरावाला जाऊन बसू लागलो.

मैदान शहराबाहेरचं. काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुतेल म्हणून वर मुरूम टाकून रोलर फिरवलेला. फक्कीने आखलेला २०० मीटरचा राउंड. सोळाशेला असे आठ. साडेपाचला पोरं जमतात, अंग गरम करतात आणि आठवड्यातून एकदा सर ट्रायल घेतात. ट्रायलच्या दिवशी कुणी फारसं बोलत नाही. एकमेकांच्या टायमिंगवर मात्र सगळ्यांचं बारीक लक्ष.

पाच-दहासाठी एक राउंड पावणेएकोणचाळीस सेकंदांत व्हायला हवा. आठही राउंड तसेच गेले तर काम झालं. पण तसे ते जात नाहीत. अहमदपूरकडच्या एका पोराचे आकडे मी सरांच्या शेजारी बसून उतरवून घेतले: ३४, ३७, ३९, ४१, ४२, ४३, ४३, ३८. पहिल्याच राउंडला तो सुटला, कारण सगळेच सुटतात. मागे राहिलो तर गर्दीत अडकू ही भीती. चौथ्यापर्यंत चेहरा ठीक होता. पाचव्याला खांदे वर चढले, हात शरीराला आडवे जाऊ लागले, पावलाचा आवाज जड झाला. ‘खांदे सोड! हात सरळ!’ सर ओरडले. सातव्यात तो जवळजवळ उभाच धावत होता, आणि आठव्यात सगळ्यांच्या आरडाओरड्याने कुठून तरी ताकद काढून त्याने ३८ काढले. एकूण ५:१७. अठरा गुण.

‘शेवटच्या राउंडला अडोतीस निघालं ना? मग मधी काय करायलास रे?’ सरांनी विचारलं. पोरगा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. ‘सर, दम तुटला.’ सर मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘दम नाही तुटला. पहिल्या राउंडला पाच सेकंद कमावले आणि पाचवा, सहावा, सातवा मिळून बारा घालवले.’ मी आकडे पुन्हा बेरजेला घेतले. हिशोब बरोबर होता. मैलभराच्या शर्यतीचं सगळं दुखणं या मधल्या राउंडांत असतं. सुरुवातीचा जोर ओसरलेला, शेवट अजून लांब. पोरं लक्ष सोडतात ती इथेच.

त्या सकाळी वीसेक पोरांत दोघेच पाच-दहाच्या आत आले. मोठा घोळका पाच-वीस ते सहाच्या मध्ये, आणि नुकतेच दाखल झालेले साडेसहा-सातला. सरांचा अनुभव असा, की शेतातून किंवा कॉलेजातून सरळ आलेला पोरगा सात मिनिटं घेतो, तीन महिन्यांत सहावर येतो. इथपर्यंत घाम गाळला की वेळ उतरतेच. पाच-तीसनंतर मात्र एकेक सेकंदासाठी महिने जातात, आणि तिथे नुसत्या घामाने भागत नाही. मधे थोडी विश्रांती देत चारशे-चारशेचे तुकडे वेगात धावावे लागतात, लांब पळणं कधी आणि किती हे ठरवावं लागतं, पोटभर खावं लागतं. यातली बरीच पोरं खोलीवर स्वतःच्या हाताने करून खातात. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, परवडतील तेव्हा अंडी.

मुलींना ८०० मीटर असतं आणि २:५० च्या आत आल्या की २० गुण. त्या पहिले दोन राउंड झपाट्यात घालवतात आणि उरलेल्या दोनांत सोसतात. मुलांचीच चूक, फक्त अर्ध्या अंतरात.

आता पाच-दहाच्या आत आलेल्या त्या दोघांतल्या एकाकडे येतो. तो पाच-दोनला आला. सातवा राउंड संपताना त्याने सरांकडे पाहिलं, सरांनी वेळ ओरडून सांगितली आणि पोरगा चक्क सैल झाला. शेवटचा राउंड त्याने आरामात टाकला. त्याला धाप लागली होती, पण मघाच्या पोरासारखी नाही. मी विचारलं, ‘जोर लावला असतास तर किती निघालं असतं?’ तो हसला. ‘पाच-दोन काय अन् चार-चाळीस काय, वीसच!’ मग समजावून सांगू लागला: भरतीला शंभर मीटर अन् गोळाही टाकायचाय. शंभरला पंधरापैकी पंधरा हवे तर साडेअकरा सेकंदांत यावं लागतं, गोळा साडेआठ मीटर. ‘आपले गुण शंभरातच जायलेत, सर. पाय तिथं वाचवायला लागतेत.’

त्याचं गणित अगदी बरोबर आहे. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच अडलंय. लातूर हे मुळात गुणांचं गाव. नीटच्या ७२० साठी इथल्या ट्युशनच्या गल्ल्या पहाटेपासून जाग्या असतात, आणि मैदानावरच्या पोरांनाही तीच शिस्त अंगवळणी पडली आहे: जिथे गुण संपतात तिथे मेहनत थांबवायची. गुणतक्ता पाच-दहाला संपतो. त्याच्या पलीकडे कोण किती वेगवान, हे विचारायचं कुणाला कारणच नाही. सैन्याच्या अग्निवीर भरतीतही १.६ किलोमीटरला ५:३० ही पूर्ण गुणांची रेषा आहे; तिच्या पुढे घड्याळ थंड.

अमेरिकेत उलट आहे. तिथे शाळाशाळांत ट्रॅक, मोसमभर शर्यती आणि प्रत्येक शर्यतीची सेकंदाच्या अंशापर्यंत नोंद. रॉजर बॅनिस्टरने १९५४ मध्ये ऑक्सफर्डला ३:५९.४ मध्ये मैल धावून चार मिनिटांची भिंत पाडली. दहाच वर्षांनी, १९६४ मध्ये जिम रायन नावाचा अमेरिकन शाळकरी पोरगा तिच्या आत आला. १९६६ आणि १९६७ मध्ये आणखी एकेक. मग तब्बल चौतीस वर्षं एकही नाही. २००१ मध्ये ॲलन वेबने ३:५३.४३ अशी वेळ दिली, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत ही यादी भराभर लांबली. पाच-दहावाला तिथल्या चांगल्या शाळेच्या संघात पहिल्या फळीतही बसणार नाही. तिथल्या पोरांचे पाय काही वेगळ्या हाडामांसाचे नसतात. पाच-दहानंतर तिथे प्रशिक्षक ‘आता पाच करू’ म्हणतो, मग ‘चार-पन्नास’.

आपल्याकडे असं म्हणणारा भेटला तर काय होतं, याचं उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात आहे. अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेला जायला रोज सहा किलोमीटर. तेही बरेचदा धावतच. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, सियाचीनला राहून आला, आणि खेळाडू म्हणून धावायला लागला तो त्यानंतर, क्रॉसकंट्रीतून. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याला रौप्य मिळालं, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ८:०९.९१ असा राष्ट्रीय विक्रम केला. मैदानावरच्या पोरांसमोर मी हा आकडा फोडून ठेवला: अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी घेत त्याचं ‘सोळाशे’ चार-एकवीसने पडतं, आणि ते संपल्यावरही तो तसाच चौदाशे मीटर धावतो. पोरं गप्प झाली. मग पाच-दोनवाल्याने विचारलं, ‘त्यानला भरतीला किती लागलं असंल?’

गुणांचं हे गणित शाळेतही वेगळं नाही. १५०० मीटर शालेय स्पर्धांत आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण आहे. पण दहावी-बारावीचे सवलतीचे गुण त्या चढणीवर कुठपर्यंत पोचलात यावर ठरतात, घड्याळावर नाही. तालुक्याला सहज पहिला येणारा पोरगा किती धावला हे त्यालाच ठाऊक नसतं. सोळाशेचं टायमिंग तो पहिल्यांदा मोजतो ते विशी गाठता गाठता, अकॅडमीची फी भरल्यावर.

भरतीची रेषा आणखी कडक करा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण पोरं दगावली, त्यानंतर अंतर कमी होत आलं. ते योग्यच झालं. पोलिसाला चार-चाळीसची गरज नाही. पण अलीकडच्या भरतीत बऱ्याच ठिकाणी पोरांच्या अंगावर आरएफआयडी चिप लावून वेळ मोजली जाते. म्हणजे हजारो पोरांचं सोळाशे सेकंदाच्या तुकड्यापर्यंत सरकारी संगणकात नोंदवलेलं आहे. कितीही जणांनी शेवटचा राउंड सैल सोडलेला असो, त्यांतले काही तरीही पाच मिनिटांच्या बरेच आत असणार. गुण देऊन झाल्यावर ती यादी वेळेनुसार लावायची आणि वरच्या पोरांना, भरती होवो न होवो, जिल्हा क्रीडा कार्यालयाने एकदा बोलावून घ्यायचं. त्या दिवशी शंभर मीटर नाही, गोळा नाही. फक्त सोळाशे, आणि सांगून ठेवायचं की आज पाच-दहाला थांबायचं नाही. वेगवान पोरं किती, याचं पहिलं खरं उत्तर मराठवाड्याला त्या सकाळी मिळेल.