‘लागणे’ आणि रुग्णालयातील जंतुसंसर्ग : वाक्यातील कर्त्याचा प्रश्न

रोगी ज्या व्याधीसाठी रुग्णालयात दाखल होतो, तिच्याशी संबंध नसलेला जंतुसंसर्ग त्याला तेथेच व्हावा, ही घटना वैद्यकाला नवी नाही. दाखल होताना जो संसर्ग शरीरात सुप्तावस्थेतही नव्हता आणि जो साधारणपणे ४८ तासांनंतर प्रकट होतो, त्याला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. हा विषय मुख्यतः सूक्ष्मजीवशास्त्राचा असला, तरी त्याला भाषेचीही एक बाजू आहे. रुग्ण, त्याचे नातेवाईक, परिचारिका आणि सफाई कामगार ह्यांच्यापर्यंत तो महाराष्ट्रात मराठीतूनच पोहोचवावयाचा असतो. आणि आजाराविषयी बोलण्याची मराठीत जी रूढ वाक्यरचना आहे, तिच्यात जंतू आणि पृष्ठभाग ह्या दोघांनाही बहुधा स्थान मिळत नाही. ते कसे देता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

संस्कृत ‘लग्’ धातूच्या ‘लग्न’ ह्या कृदंतापासून प्राकृत ‘लग्ग’ आणि त्यापासून मराठी ‘लागणे’ आले. चिकटणे हा त्याचा मूळ अर्थ. हात लागतो, भूक लागते, नाद लागतो, तसा रोगही लागतो. ‘लागण’ हे नाम त्यावरूनच झाले. ‘संसर्ग’ ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही एकत्र येणे, संगत, असाच आहे. म्हणजे स्पर्शाची वा सान्निध्याची कल्पना दोन्ही शब्दांच्या मुळाशी आहे. परंतु ‘त्याला रोग लागला’ ह्या वाक्यात ज्याला लागला तो चतुर्थीत येतो आणि रोग प्रथमेत. कोणता जीव लागला आणि तो कोठून आला, हे सांगितल्यावाचूनच वाक्य पुरे होते. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे; रुग्णालयाच्या दृष्टीने मात्र त्यातील नेमका महत्त्वाचा भाग गळलेला असतो.

‘कोठून’ ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा खाटेचा कठडा, सलाईनची दांडी, दाराची मूठ किंवा नळाची तोटी असे असते. कोरड्या निर्जीव पृष्ठभागांवर जंतू किती काळ तग धरतात, ह्याविषयीच्या संशोधनाचा आढावा जर्मनीतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत, तर ॲसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतो. रोगी घरी गेला, चादर बदलली, तरी कठड्यावरचा जंतू पुढील रोग्याची वाट पाहत राहतो. येथे ‘स्वच्छ’, ‘शुद्ध’ आणि ‘निर्जंतुक’ ह्या शब्दांतील भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिल्याची कसोटी डोळ्यांची आहे, दुसऱ्याची आचाराची आणि तिसऱ्याची प्रयोगशाळेची. फडके फिरवून चकचकीत केलेला कठडा स्वच्छ असतो; तो निर्जंतुक असेलच असे नाही. आधी मळ काढावा लागतो, कारण रक्त वा पू राहिल्यास क्लोरीनची शक्ती क्षीण होते; नंतर जंतुनाशक द्रावाने तो पृष्ठभाग ठरावीक वेळ ओला राहावा लागतो. लावले आणि लगेच पुसले, तर द्रावाला आपले काम करण्यास अवकाशच मिळत नाही.

कठड्यावरील जंतू स्वतः चालत रुग्णाकडे जात नाही. त्याला हात नेतो. कुशल वैद्याच्या हाताला गुण आहे, असे मराठी माणूस श्रद्धेने म्हणतो, आणि त्यासाठी भाषेत ‘हातगुण’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्याच हाताचा अवगुण १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस ह्याने दाखवून दिला. शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हात निर्जंतुक करण्याचे जे पाच प्रसंग सांगितले, त्यांतील पाचवा विशेष लक्षणीय आहे: रुग्णाला स्पर्श केला नसला, तरी त्याच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर हात निर्जंतुक करावेत.

आता औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंकडे वळू. ‘रुग्णाला औषध लागू पडत नाही’ असे आपण सहज म्हणतो. ह्या वाक्यात रुग्ण आहे, औषध आहे, जंतू नाही. त्यामुळे दोष रुग्णाच्या प्रकृतीचा आहे, त्याच्या शरीराला औषधाची सवय झाली आहे, असा ग्रह होतो. हा ग्रह केवळ मराठी भाषकांचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह १२ देशांत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७६ टक्के लोकांची समजूत अशीच आढळली. वस्तुतः सवय शरीराला होत नाही. औषधाने दुर्बल जंतू मरतात, प्रतिकारक्षम जंतू उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पेनिसिलिनचा नाश करणाऱ्या जंतुजन्य विकराचे वर्णन १९४० मध्येच, म्हणजे ते औषध सर्वत्र उपलब्ध होण्यापूर्वीच, प्रसिद्ध झाले होते. पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलिनच्या उत्पादनासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. पुढे अशा स्टॅफिलोकोकस जंतूंसाठी मेथिसिलिन हे नवे औषध आले. परंतु १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू इंग्लंडमध्ये आढळले.

ह्याहून अधिक चिंतेची गोष्ट अशी की, हा प्रतिकार एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जातो. प्लाझ्मिड नावाच्या सुट्या जनुकवलयाद्वारे ही देवघेव होते. तिचे मर्म सांगण्यास मराठीतील जुनी म्हण पुरेशी आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. जंतूचे वाण तेच राहते. शेजाऱ्याचा गुण मात्र त्याला लागतो. भारतातून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या शरीरातील क्लेब्सिएला जंतूत अशा एका जनुकाचा शोध लागला आणि २००९ मध्ये त्याला नवी दिल्लीवरून ‘एनडीएम-१’ हे नाव मिळाले. त्याच रुग्णाच्या शरीरातील एशेरिचिया कोलाय ह्या भिन्न जातीच्या जंतूतही तेच जनुक सापडले. वाण दोन, गुण एकच. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कार्बापेनेम गटाच्या प्रभावी औषधांना न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ आढळल्याची नोंद आहे. शहराचे नाव जनुकाला द्यावे काय, ह्यावर तेव्हा बराच वाद झाला. जनुकाचा प्रसार त्या वादासाठी थांबणारा नव्हता.

ह्या विवेचनाचा व्यवहाराशी निकट संबंध आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात असलेल्या जवळा बाजारसारख्या गावातील रोगी मोठ्या उपचारासाठी हिंगोली, परभणी किंवा नांदेड गाठतो. सोबतचे नातेवाईक खाटेवर टेकतात, कठड्याला धरतात, त्याच हाताने रोग्याला घास भरवतात. रोगी बरा होऊन परततो, तेव्हा प्रतिकारक्षम जंतू त्याच्या आतड्यात किंवा त्वचेवर वास करून राहिलेले असू शकतात. त्याला स्वतःला कोणताही त्रास नसतो. तो रोगी नसतो, वाहक असतो. औषधाची सवय त्याच्या शरीराला झाली, असे मानल्यास प्रश्न त्याच्यापुरता उरतो, आणि रिकामी झालेली खाट निर्जंतुक करण्याचे प्रयोजनच राहत नाही. प्रतिकार जंतूचा आहे, हे मान्य केल्यास मात्र ती खाट, तो कठडा आणि घरच्यांचे हात हे सर्व त्या प्रश्नाचे भाग ठरतात.

म्हणून आरोग्यविषयक मराठी लेखनात नव्या परिभाषेहून कर्त्याची निवड अधिक महत्त्वाची आहे. ‘रुग्णाला औषध लागू पडत नाही’ ह्याऐवजी ‘जंतू औषधाला दाद देत नाहीत’ असे म्हणावे. ‘दवाखान्यात लागण झाली’ ह्याऐवजी ‘कठड्यावरचा जंतू हाताला लागला आणि हातावरून जखमेत गेला’ असे म्हणावे. ही दोन्ही वाक्ये जवळा बाजारच्या शेतकऱ्यालाही परकी वाटणार नाहीत. पहिले वाक्य, औषध बदलले तरी जंतू उरतोच कसा हे सांगते. दुसरे वाक्य, त्याला कोठे अडवावयाचे हे दाखवते.